खुणेच्या वर

माझ्या गॅरेजचा एकच नियम आहे. गाडीला काय होतंय ते सांगा, काय करायचं ते सांगू नका. ते माझं मी बघते. लोक म्हणतात, या बाईच्या नाकावर राग असतो. असतोच. दिवसभर दुसऱ्यांनी वाट लावलेल्या गाड्यांखाली उताणं पडायचं, केसांत ऑईल, डोळ्यांत माती, आणि वर गोडही बोलायचं? दोन्ही एका माणसाकडून होत नाही.

पण काकांवर चिडायला मलाही जड जायचं. काका म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत, गिऱ्हाईक. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, उंचेपुरे, खांद्यात जरा वाकलेले. पत्र्याच्या दाराशी थांबून "ताई, आत येऊ का?" असं विचारायचे. इथे लोक गाडी थेट माझ्या पायावर आणून घालतात आणि हा माणूस परवानगी मागतो! मी म्हणायचे, "या हो काका, सासुरवाडीला आल्यासारखं काय करताय?" मग हसत हसत आत यायचे.

त्यांची गाडी जुनी, चौकोनी तोंडाची. बाहेरून रंग विटलेला, आतून मात्र लख्ख. पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा म्हणाले, "ताई, जरा ऑईल गळतंय."

"जरा" हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आला की मी आधी गाडीखालच्या खड्ड्यात उतरते. खालून पाहिलं तर इंजिनाचं बूड ओलंचिंब, ओघळ पार मागे सायलेन्सरच्या नळीपर्यंत. आता ऑईलची खोड अशी, की गळतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. वरून निघतं, खाली उतरतं, आणि गाडी पळत असली की वारा त्याला मागे मागे नेतो. घाईतला मेकॅनिक जिथे ओलं दिसलं तिथलं पॅकिंग बदलून मोकळा होतो. मी तसं करत नाही. मी इंजिन धुते, पुसून कोरडं करते आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरते. मग गाडी एक चक्कर फिरवून आणायची. पावडर जिथे सगळ्यात आधी काळी पडते, तिथे चोर.

चोर वरच्या झाकणाखाली सापडला. इंजिनाच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या कडेचं रबरी पॅकिंग पार कडक झालं होतं. बोटाने दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा पडला. नवीन घातलं, बोल्ट एकसारखे आवळले, इंजिनातला दाब बाहेर सोडणारी श्वासाची नळी साफ केली. काका खूश, मी खूश.

काही दिवसांनी काका पुन्हा दाराशी. या वेळी एकटे नव्हते, सोबत त्यांचे चिरंजीव. चाळिशीचा माणूस, ऑफिसचे कपडे, कपाळाला आठ्या. आल्या आल्या तोफच डागली.

"ही गाडी आता भंगारात काढायला झाली, हे तुम्हीच सांगा यांना. काल भर रस्त्यात बॉनेटमधून धूर आला. मागे आई बसली होती. तिला धड पटकन उतरताही येत नाही."

"ऑईल तापलेल्या नळीवर पडलं की धूर येतो," मी म्हटलं.

"आणि आग?"

काका माझ्याकडे आशेने बघत होते. पण या बाबतीत मी खोटं बोलत नाही. "लागू शकते," मी म्हटलं.

"ऐकलंत?" तो वडिलांकडे न बघताच म्हणाला. "ही शेवटची वेळ. आता गळली तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन." आणि गेला तरातरा.

"मुलगा आहे की जप्तीवाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"असं नका म्हणू ताई. स्वभावाने वाईट नाही तो." काका स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. मग सांगू लागले. काकूंच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. एक दिवसाआड हॉस्पिटलात न्यायचं, मशीनला जोडायचं, तिथे रक्त धुऊन निघतं, मग परत आणायचं.

"मशीन तिचं रक्त धुतं. नर्स सुया टोचते. डॉक्टर औषधं बदलतात. सून पथ्याचं रांधते. आणि ती स्वतः सोसते सगळं. प्रत्येकाला काहीतरी काम आहे ताई. मी काय करतो? मी गाडी चालवतो. तेवढंच येतं मला. उद्या गाडी गेली, भाड्याच्या गाडीतून तिला नेऊ लागले, की मी नुसता शेजारी बसलेला म्हातारा. मग मला न्यायचं तरी कशाला? घरीच राहा म्हणतील."

असं काही ऐकलं की मी जास्तच खेकसते. "उठा, चहा घ्या आणि मला काम करू द्या," मी म्हणाले. मनात मात्र ठरवून टाकलं, काही झालं तरी ही गाडी कोरडी करायची.

पुन्हा धुतली, पुन्हा पावडर. वरचं झाकण ठणठणीत! आता गळत होतं खालून, चेंबरच्या कडेने. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑईलचं भांडं. असेल, जुनी गाडी आहे, एक पॅकिंग गेलं तसं दुसरंही जाणार. सगळं ऑईल काढून ट्रेमध्ये ओतलं, चेंबर उतरवला, कडा खरवडून आरशासारख्या केल्या, नवीन पॅकिंग बसवलं, नवं ऑईल बरोबर खुणेपर्यंत भरलं. गाडी चांगली काही दिवस ठेवून घेतली. मी स्वतः रोज फिरवली. पावडर पांढरीशुभ्र. एक डाग नाही. एवढे दिवस मी माझी व्हॅन काकांना देऊन ठेवली होती, हॉस्पिटलासाठी. त्यांनी ती धुऊन परत केली. माझ्या व्हॅनचा खरा रंग मला तेव्हा कळला.

गाडी घरी गेली आणि पंधरवड्यात परत ओली!

आता समोरून. पुढे पट्टा फिरतो त्या पुलीच्या मागे ऑईल अडवणारं एक रबरी सील असतं, तिथून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं पॅकिंगं बदलतेय, कधी कुणाची गाडी तिसऱ्यांदा आली नाही, आणि नेमकी हीच! सगळा राग काकांवर निघाला.

"तुम्ही घरी काही करता का हिला? खरं सांगा! कुठे आपटली, खड्ड्यात घातली, काही ओतलं?"

"नाही हो ताई," काका म्हणाले. आवाज एवढासा. "मुलाला अजून सांगितलेलं नाही मी. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो, डाग दिसू नये म्हणून. तुम्ही कराल ना काहीतरी?"

सील बदललं. हाताला चूक सापडेना, म्हणून डोकं चालवायला बसले. इथे ठेवली की गळत नाही, घरी नेली की गळते. वरचं बंद केलं तर खालून, खालचं बंद केलं तर पुढून. पॅकिंगं वाईट नाहीतच मुळी. आतून कुणीतरी ढकलतंय. पण श्वासाची नळी तर मीच साफ केली होती. मग घरी असं होतं तरी काय?

गाडी दिल्यावर आठवड्याभराने, सुट्टीच्या दिवशी सकाळी, न सांगता त्यांच्या इमारतीत गेले. खालच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात गाडी उभी. खाली पुठ्ठा. वाकून पाहिलं, कोपऱ्याला दोन-तीन थेंब ताजे होते. या जुन्या गाडीचं बॉनेट बाहेरूनच उघडतं, किल्लीची गरज नाही. उघडलं, ऑईल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा ओढली.

या पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये पाहिजे. इथे ऑईल वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर! मी गाडी दिली तेव्हा बरोबर खुणेवर होतं. गळणाऱ्या गाडीत ऑईल वाढलं कसं?

आणि मग माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. इंजिनात ऑईल जास्त झालं की फिरता दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आत दाब वाढतो, आणि जो सांधा कच्चा असेल तिथून ऑईल बाहेर पडतं. मी एक दार लावायची, ते दुसरं उघडायचं. आधी एकदा हे सगळं ऑईल मी माझ्या हातांनी ट्रेमध्ये काढलं होतं. किती निघालं ते बघायचं सुचलंसुद्धा नाही. आल्या आल्या पट्टी बघायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी पावडर भुरभुरत बसले होते! स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

"कोण आहे गाडीपाशी?" वरून गॅलरीतून आवाज आला. मग मला ओळखून काका लगबगीने खाली आले. "ताई? सुट्टीच्या दिवशी?"

"काका, गाडीत ऑईल कोण घालतं?"

काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "घालतो मी. एवढंसंच. हिला हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी. पुठ्ठ्यावर थेंब दिसला की वाटतं, कमी झालं असेल. वाटेत बंद पडली म्हणजे?"

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात!"

"तुम्ही विचारलंत, काही वाईट केलं का. ऑईल घालणं वाईट कसं असेल?"

"पट्टी बघून घालता का?"

"त्याला जवळचा चष्मा लागतो. तो वर असतो."

"अहो, जन्मभर बस चालवलीत ना?"

"बसमध्ये ऑईल डेपोवाले घालायचे," काका म्हणाले. "आम्ही फक्त चालवायची."

मला हसू आलं, पण दाबलं. हिशेब काही जुळेना. एवढंसं एवढंसं करून आठवड्यात बोटभर चढत नाही. तेवढ्यात जिन्यावरून, भिंतीला धरत धरत, काकू उतरल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, गव्हाळ, एका हाताला कोपराखाली पट्टी.

"यांना बोलू नका ताई," त्या म्हणाल्या. "मीही घालते."

"तू?" काकांचा आ वासला.

"तुम्ही दुपारी घोरत असता तेव्हा. डबा जिन्याखाली आहे, तुमच्याच डब्याच्या मागे."

"अगं पण तुला जिना चढवत नाही, आणि तू..."

"हळूहळू चढते. मला काय करायचंय दिवसभर?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं काही नाही हो. मला कुणीही नेईल, पोराची गाडी आहे, भाड्याची आहे. पण ही बंद पडली तर यांचं काय होईल? आदल्या रात्री काचा पुसतात, टायर लाथाडून बघतात. नोकरीवर होते तेव्हा असे जायचे कामाला, अगदी तसे. म्हणून म्हटलं, चालू राहू दे."

काका बॉनेटच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. मी उगाच पट्टी पुन्हा पुसली.

आणि तेव्हाच चिरंजीव जिन्यात अवतरले. घरच्या कपड्यांत, हातात कापडी पिशवी. आम्हाला पाहिलं आणि गर्रकन मागे वळले.

"थांबा!" मी ओरडले. "पिशवीत काय आहे?"

"काही नाही."

"ते 'काही नाही' गळतंय."

खरंच गळत होतं. पिशवीच्या तळाशी काळपट डाग, आणि थेंब थेट त्याच्या चपलेवर. कुठेतरी पळून जावंसं वाटत असल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. नाइलाजाने पुढे आला आणि पिशवी खाली ठेवली. आत ऑईलचा डबा होता, निम्मा रिकामा.

मग मात्र माझी सहनशक्ती संपली. "वा! तिघंही! गाडी आहे की पंगतीतला पाहुणा? आग्रह कर-करून पाजताय! आणि प्रत्येकाला वाटतंय, आपणच एकटे शहाणे! मी इथे पॅकिंगं बदलून बदलून रडकुंडीला आले, आणि तुम्ही मागून ओतताय! अहो, हिला ऑईल कमी नव्हतं, जास्त झालं होतं. जास्त झालं म्हणून गळत होतं. गळलं की तुम्ही आणखी घालत होता!"

मग काकू हसू लागल्या. खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आलं, जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"अगं बाई, म्हणजे माझंच झालं की हे! डॉक्टर मला हेच तर ओरडतात. पाणी मोजून प्या, अंगात जास्त झालं की बाहेर टाकता येत नाही. पाय सुजतात, दम लागतो. आणि हे दोघं! हे गुपचूप अर्धा कप चहा देतात, हा फळाच्या फोडी आणून देतो, सुनेचं सूप वेगळंच. कुणी दिलं की नको म्हणवत नाही. मग तिथे वजनकाट्यावर उभी राहिले की नर्स मलाच बोलते!"

आता तेही दोघे ओशाळले. मी व्हॅनमधून ट्रे आणि अवजारं आणली, खाली पडून चेंबरचा बोल्ट ढिला केला, जास्तीचं ऑईल ट्रेमध्ये सोडलं, पट्टी बघत बघत खुणेवर आणलं. काकांना चष्मा आणायला लावून खूण दाखवली. मग इंजिन चालू करून सगळे सांधे हाताने चाचपले.

"आता गळणार नाही," मी म्हटलं. "धूर येणार नाही, आगीची भीती नाही. दर आठवड्याला मला दाखवायची. ऑईलला हात लावायचा नाही, कुणीही."

काकांचा जीव भांड्यात पडला, ते नुसतं बघूनही कळत होतं. पण चिरंजीव तोंड पाडूनच उभे.

"तरी मला वाटतं गाडी काढून टाकावी," तो म्हणाला.

"अरे, आता का?" काकांचा आवाज चढला. "गळत नाही म्हणताहेत ना ताई? तुला नक्की कशाचा त्रास आहे? मी चालवतो याचा?"

"हो!" तो एकदम ओरडला. पार्किंगभर घुमलं. "तुम्हीच चालवता याचा! गाडी गेली असती तर मी नेलं असतं आईला. एकदा तरी म्हणालात, चल म्हणून? मी विचारलं तर 'तुझं ऑफिस आहे, तू जा, मी आहे ना.' नेहमी तुम्हीच आहात. मी ऑफिसात बसून फोन करतो, पोचलात का, लावलं का मशीन, निघालात का. माझीही आई आहे ना ती? मी काय करू तिच्यासाठी? तुम्ही मला काहीच करू देत नाही. म्हणून मग निदान ती वाटेत अडकू नये एवढं बघतो, खाली येऊन ऑईल घालतो."

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला. चाळिशीचा बाप्या, पण लहान मुलासारखं मनगटाने नाक पुसलं त्याने. मी याला जप्तीवाला म्हणाले होते. गॅरेजात स्टुलावर बसून काका जे म्हणाले, तेच हाही म्हणत होता, आणि दोघं एकाच जागेसाठी भांडत होते. मला इतकं वाईट वाटलं, की तिथून निघून जावंसं वाटलं. पण माझी अवजारं पसरलेली होती.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"येताना ती मागे झोपून जाते," शेवटी म्हणाले. मुलाकडे बघत नव्हते, गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होते. "अंगात त्राण नसतं तिच्या. आरशात दिसते मला. वळणावर डोकं काचेवर आपटतं. मला हात मागे नेता येत नाही, स्टिअरिंग सोडून. हाक मारतो नुसती. ती 'अं' म्हणते, आणि पुढच्या वळणावर पुन्हा आपटतं."

"मला कधी सांगितलं नाहीत," मुलगा म्हणाला.

"काय सांगायचं त्यात?" काकांनी खिशातून किल्ली काढली, हातात फिरवली. "उद्या जायचंय. जाताना मी चालवेन. येताना तू चालव. मी मागे बसतो हिच्याजवळ."

मुलगा किल्लीकडे बघत राहिला. "हळू चालवीन," म्हणाला.

"वळणावर तर हळू चालवच."

पायरीवर बसल्या बसल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मी माझं तोंड बॉनेटखाली घातलं. पाना सापडत नसल्यासारखं केलं, तो माझ्या हातातच होता. मग बॉनेट धाडकन लावलं.

"झालं का तुमचं?" मी खेकसले. "मला गॅरेज उघडायचंय."

सुट्टीच्या दिवशी कसलं आलंय गॅरेज! काका जिन्यापर्यंत गेले आणि काकूंना उठवायला त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या बाजूने मुलाने केला.